मत्स्यटाकीची फेररचना : पंधरवड्याला एक बादली पाणी

सरकारी कार्यालयाचे प्रतीक्षागृह, शाळेतील मुख्याध्यापकांची खोली, पंचायतघराचा व्हरांडा अशा ठिकाणी काचेची शोभिवंत मत्स्यटाकी ठेवण्याची प्रथा आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. बोलण्यात आपण तिला ‘फिश टँक’ म्हणतो. टाकी येते त्या दिवशी सर्वांच्याच उत्साहाला उधाण आलेले असते. सहा महिन्यांत पाणी हिरवट होते, काचेवर शेवाळाचा थर चढतो, माशांची संख्या घटू लागते; आणि वर्षअखेर तीच टाकी कोरडी होऊन तीत जुन्या परिपत्रकांचे गठ्ठे किंवा चतुर्थीच्या मखराचे सामान ठेवलेले दिसते. कामाच्या निमित्ताने गावोगाव फिरताना अशा अनेक टाक्या प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आल्या. कारण विचारले असता बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले : “बघायला माणूस नाही.”

हे उत्तर अर्धेच खरे आहे. माणूस नसतो हे खरे. परंतु टाकीची मूळ रचनाच अशी केलेली असते की तिला रोज माणूस लागावा, हेही तितकेच खरे आहे. ही रचना बदलली तर पाणवनस्पती व मासे असलेली छोटी टाकी पंधरवड्यातून एक बादली पाणी आणि अर्ध्या तासाचे श्रम एवढ्यावर सुखाने नांदू शकते. लेखक कलाशाखेचा पदवीधर असून रसायनशास्त्राशी त्याचा संबंध शाळेतच संपला होता. तो पुन्हा जुळवून घेण्याचा प्रसंग ज्या टाकीमुळे आला, तिचीच हकीकत येथे देत आहे.

शुक्रवारची धुलाई आणि सोमवारची सकाळ

तालुक्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयात लेखक काही काळ नेमणुकीस होता. तेथील प्रतीक्षागृहात दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी टाकी होती. तळाशी संगमरवराचे पांढरे खडे, मध्यभागी प्लास्टिकचा किल्ला, हवा सोडणारा लहानसा पंप, सात-आठ प्रकारच्या पाणवनस्पतींची दाटी, आणि चार गोल्डफिश धरून एकूण चोवीस मासे. टाकी पश्चिमेच्या खिडकीशी होती. दिवा कार्यालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत जळत असे.

दर शुक्रवारी दुपारी शिपाई ती टाकी पूर्ण रिकामी करीत, खडे साबणाच्या पाण्यात घासून धूत, नळाचे ताजे पाणी भरीत आणि मासे पुन्हा आत सोडीत. या कामात त्यांचे दोन-अडीच तास जात. शनिवार-रविवारची तरतूद म्हणून ते निघताना दुप्पट खाद्य टाकीत. कार्यालय बंद करताना नियमाप्रमाणे विजेचे मुख्य बटण बंद होई. एवढे सगळे यथासांग होऊनही सोमवारी सकाळी दोन-तीन मासे पालथे तरंगताना आढळत. दाखल्यासाठी रांगेत बसलेली माणसे ते मुकाट्याने पाहत. बरोबरची मुले मात्र मोठ्याने प्रश्न विचारीत. मग स्वच्छता नीट होत नाही असा ठपका शिपायांवर येई, आणि पुढच्या शुक्रवारी ते बिचारे खडे आणखी जोराने घासत.

मासे मरत होते ते या घासण्यामुळे, हे समजायला आम्हाला बराच काळ लागला.

गोड्या पाण्यातील मासा श्वास घेताना कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरून जातो. टाकीत तो साठतो. अमोनिया माशांना विषारी आहे. परंतु खडे, काच, पाने, लाकूड यांच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू हळूहळू वस्ती करतात. त्यांतील एका गटाचे जिवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात, तर दुसऱ्या गटाचे जिवाणू नायट्राइटपासून नायट्रेट बनवतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट त्या मानाने बरेच निरुपद्रवी असून वनस्पती ते अन्न म्हणून घेतात. ही जिवाणूंची वस्ती नव्या टाकीत पुरती बसायला साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही ती दर शुक्रवारी साबणाने धुऊन काढीत होतो आणि क्लोरिनयुक्त पाण्याने तिचा उरलासुरला अंशही नाहीसा करीत होतो. म्हणजे आमची टाकी वर्षानुवर्षे दर आठवड्याला नवीच राहत होती.

त्यात भर संगमरवराची. संगमरवर हा चुन्याच्या जातीचा दगड. तो पाण्यात किंचित विरघळून पाणी अल्कधर्मी करतो, आणि अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. राहिला प्राणवायूचा प्रश्न. वीस अंश सेल्सिअस तपमानाच्या लिटरभर पाण्यात हवेतून सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; तेच पाणी तीस अंशांवर गेले की ही मर्यादा साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते. म्हणजे उन्हाळ्यात माशांची भूक व हालचाल वाढते तेव्हाच त्यांचा श्वास अपुरा पडतो. वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, परंतु रात्री त्या स्वतःच तो वापरतात. कुजणारे खाद्यही प्राणवायू ओढून घेते. शुक्रवारी संध्याकाळी पंप बंद, दिवा बंद, दुप्पट खाद्य तळाशी, चोवीस मासे आणि वनस्पतींची गर्दी : शनिवार-रविवारी त्या टाकीत काय होत असेल याची कल्पना वाचकांना करता येईल.

एका रसायनशास्त्रज्ञाची टाकी

मासे आणि वनस्पती एकमेकांना तारून नेतील अशी बंद काचटाकी ही कल्पना नवी नाही. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला यासंबंधीचा प्रयोग तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडला. त्यांचे काचपात्र सुमारे बारा गॅलनांचे, म्हणजे आपल्या दोन फुटी टाकीएवढेच होते. योगायोगाचे मोठे नवल वाटते. त्यांनी तळाशी रेती व चिखल घातला, पात्र अर्धेच पाण्याने भरले, दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरियाचे एक रोप लावले. काही काळ सारे ठीक चालले. पुढे रोपाची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. वॉरिंग्टन यांनी टाकी धुतली नाही. त्यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून आत सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने व बुळबुळीत थर खाऊन टाकला, आणि पाणी पुन्हा निवळले.

पुढील काही वर्षांत त्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. चारही बाजूंनी काच असली की बाजूंनी येणाऱ्या प्रकाशामुळे शेवाळ माजते. तळ्यात किंवा ओढ्यात प्रकाश वरूनच येतो. म्हणून त्यांनी पुढची बाजू तेवढी काचेची आणि मागची बाजू उतरती व अपारदर्शक अशी निराळी टाकी तयार केली. देखभालीचा ताप कमी करण्यासाठी घडवलेली फेररचना ती हीच.

अलीकडच्या काळात टाकीतील बागेला वेगळे वळण मिळाले. जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी घडवलेल्या टाक्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. हिरवळीसारखा दाट गालिचा, डोंगरासारखे दगड, झाडासारख्या फांद्या! त्या टाक्या अतिशय देखण्या आहेत यात शंका नाही. पण तीव्र प्रकाश, कर्बद्विवायूचा पुरवठा, खते आणि वारंवार छाटणी यांवर ते सौंदर्य उभे असते. आपण मोबाईलवर ते चित्र पाहतो आणि दुकानातून तशीच रोपे आणतो. माळी मात्र आणत नाही. याच्या उलट, अमेरिकेतील डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात साध्या मातीच्या थरावर, मंद प्रकाशात व थोडक्या माशांसह टाकी कशी चालवता येते याचे विवेचन केले. वनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात, तेव्हा निरोगी व वाढती वनस्पती हीच टाकीची गाळणी होय, असा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. सरकारी कार्यालयाला आणि शाळेला मानवेल अशी वाट आम्हाला याच विचारात सापडली.

फेररचना प्रत्यक्ष कशी केली

पहिला निर्णय माशांचा. दोन फुटी टाकीत माती, रेती व वरची मोकळी जागा वजा जाता जेमतेम ३८ ते ४० लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्यात चोवीस मासे ठेवणे म्हणजे एका खोलीत वऱ्हाड उतरवण्यासारखे आहे. चारही गोल्डफिश एका परिचितांच्या बागेतील सिमेंटच्या मोठ्या टाकीत गेले. हा मासा चांगला वीतभर वाढतो, फार खातो, तितकीच घाण करतो आणि रोपे उपटतो. लहान टाकीत तो ठेवूच नये. उरलेल्यांपैकी बहुतेक विक्रेत्याने परत घेतले. सहा झेब्रा दानिओ आणि हनी गुरामीची एक जोडी एवढेच आठ मासे राहिले. हे दोन्ही मासे मूळचे आपल्याच देशातले, म्हणजे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या बाजूचे. झेब्रा दानिओ बोटाएवढाही होत नाही. गुरामी तर पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेऊ शकतो, हा गुण शनिवार-रविवारच्या दृष्टीने महत्त्वाचा. वॉरिंग्टन यांना स्मरून काही लहान गोगलगाईही ठेवल्या.

दुसरा निर्णय जागेचा. टाकी पश्चिमेच्या खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीशी, ऊन थेट पडणार नाही अशा जागी नेली. भरलेल्या दोन फुटी टाकीचे वजन ७० ते ८० किलोपर्यंत जाते, म्हणून बैठक भक्कम व समपातळीत हवी, आणि काचेखाली थर्मोकोलचा पातळ थर हवा. बैठक कमरेएवढी उंच घेतली. याचे कारण पुढे येईल. मागच्या व एका बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद लावला. दिव्याला वेळेचे स्वयंचलित बटण बसवले. तो सकाळी दहा ते दुपारी चार असा सहाच तास जळतो. सुटीच्या दोन दिवसांत वीज नसली तरी या वनस्पतींचे काही बिघडत नाही. मात्र मुख्य बटण बंद राहिल्याने वेळेचे साधे बटण मागे पडते, म्हणून सोमवारी त्याची वेळ पुन्हा लावावी लागते. एवढा एक उपद्व्याप राहिलाच.

तिसरा निर्णय तळाचा, आणि या कामी आपल्या भूमीची मदत झाली. सगळे संगमरवरी खडे काढून टाकले. त्यांच्या जागी चाळून घेतलेल्या साध्या बागेतल्या मातीचा सुमारे अडीच सेंटिमीटर थर दिला. या मातीत शेणखत किंवा रासायनिक खत मिसळलेले नसावे, नाहीतर पाणी कुजते. मातीत जांभ्याचा भुगा दोन मुठी मिसळला. चिरेखाणीपाशी हा तांबडा भुगा हवा तितका पडलेला असतो. जांभ्यात लोह भरपूर असते आणि मुळांना ते उपयोगी पडते. जर्मनीतील पाणवनस्पतीप्रेमींनी गेल्या शतकाच्या अखेरीस जांभ्याची माती टाकीच्या तळाशी घालण्याची पद्धत चांगलीच लोकप्रिय केली होती. आपण ज्या चिऱ्यांची घरे बांधतो त्याच दगडाचा भुगा परदेशात पाकिटात विकला जात होता, हे कळल्यावर कार्यालयात बरीच करमणूक झाली.

मातीवर धुतलेल्या जाडसर रेतीचा साडेतीन सेंटिमीटर थर दिला. माती पाण्यात मिसळू नये म्हणून हे झाकण आवश्यक असते. आपल्याकडे समुद्रकिनारा जवळ असल्याने तेथील रेती आणण्याचा मोह होतो, तो टाळावा. तीत मीठ असते आणि शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे चुनाही असतो. कोणताही दगड टाकीत घालण्यापूर्वी त्यावर लिंबाच्या रसाचे किंवा व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर तो चुनखडीच्या जातीचा समजून बाजूला ठेवावा. जांभ्यावर फेस येत नाही. शाळांतून हा प्रयोग मुलांकडूनच करवून घ्यावा.

किल्ला काढताना मात्र शिपाईमंडळींनी हरकत घेतली. “साहेब, किल्ला काढला तर पोरं बघणार काय?” असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदीच गैरलागू नव्हता. किल्ल्याच्या पोकळीत गाळ साठतो व तो काढण्यासाठी दर वेळी हात आत घालावा लागतो, हे त्यांनाच अधिक चांगले माहीत होते. तडजोड अशी झाली की किल्ल्याच्या जागी तेवढ्याच उंचीचे, पाण्यात भिजवून बुडीत झालेले एक जुने लाकूड आणि उकळून घेतलेली नारळाची अर्धी करवंटी ठेवावी. करवंटीला कडेला खाच पाडल्याने तिची छोटी गुहा झाली. गुरामीची जोडी दुसऱ्याच दिवशी तिच्या आसपास वावरू लागली, आणि मुलांना बघायला किल्ल्यापेक्षा ते अधिक आवडले.

वनस्पतींची निवड हाच खरा कळीचा मुद्दा आहे. विज्ञानाच्या शिक्षकांना हायड्रिला परिचित आहे. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात उपड्या परीक्षानळीखाली तीच घालतात. ती झपाट्याने वाढते आणि पाण्यातला अमोनिया तितक्याच झपाट्याने शोषते, म्हणून टाकी नवी असताना तिचा फार उपयोग होतो. पण कायमची ठेवली तर दर आठवड्याला छाटावी लागते. आम्ही तिला पहिल्या दोन महिन्यांपुरतीच बदली कामगार म्हणून नेमले. कायमच्या नेमणुका सावकाश वाढणाऱ्या रोपांच्या. लाकडावर व करवंटीवर सुती दोऱ्याने जावा फर्न आणि अनुबियास बांधले. या दोघांचे आडवे खोड रेतीत पुरले तर कुजते. ते उघडेच राहावे लागते. मागच्या डाव्या कोपऱ्यात व्हॅलिस्नेरियाची चार रोपे लावली. मधल्या भागात क्रिप्टोकोरिनी. या कुलातील काही जाती सह्याद्रीच्या ओहोळांच्या काठी नैसर्गिकरीत्या वाढतात. पण म्हणून त्या तेथून उपटून आणू नयेत, रोपवाटिकेतील रोपे घ्यावीत.

पुढच्या काचेपासून चार बोटे रुंदीची पट्टी मोकळ्या रेतीची ठेवली. सर्व फेररचनेत सर्वात साधी व सर्वात उपयोगी गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर या पट्टीकडे बोट दाखवता येईल. काच पुसताना कापड कशातही अडकत नाही, गाळ पुढे येऊन डोळ्यांसमोर साठतो, नळीने ओढून घेता येतो. शिवाय रोपे लाकडावर बांधलेली असल्याने गरज पडल्यास सगळे लाकूड रोपांसह उचलून बादलीत ठेवता येते. पूर्वी एक रोप हलवायचे तर अर्धी टाकी उकरावी लागत असे.

पहिले दोन महिने

वाचकांची दिशाभूल होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की सुरुवातीला परिणाम मुळीच उत्साहवर्धक नव्हता. पाणी भरताना घाई झाली, रेती सरकली आणि टाकी चहाच्या रंगाची झाली. रेतीवर बशी ठेवून बशीत हळूहळू पाणी सोडले असते तर हे टळले असते. ते पाणी निवळायला चार दिवस लागले. तोवर मासे जुन्या पाण्यासह मोठ्या बादलीत, पंप लावून ठेवले होते. त्यांना लगेच नव्या टाकीत न सोडता आधी वनस्पती रुजू दिल्या, पुढे तीन आठवड्यांनी दोन-दोन करून मासे सोडले. मधल्या काळात बादलीतले थोडे पाणी रोज बदलावे लागले. मासे नव्यानेच घ्यायचे असतील तर टाकी सहा आठवडे केवळ वनस्पतींवर चालवून मगच घ्यावेत, म्हणजे हा त्रास राहत नाही.

दुसऱ्या आठवड्यात क्रिप्टोकोरिनीची सगळी पाने विरघळल्यासारखी गळून गेली. रोपे मेली असे समजून ती उपटण्याची तयारी झाली होती. जागा बदलली की या वनस्पतीचे असेच होते. मुळे जिवंत राहतात व महिन्याभरात नवी पाने फुटतात. तशी ती फुटली. पाचव्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर आला, तो नव्या टाक्यांत नेहमी येतो आणि पुढे आपोआप ओसरतो. एक दानिओ दगावला. झाकणाची काच थोडी सरकलेली राहिली होती आणि तो उडी मारून बाहेर पडला होता. दोष आमचाच. त्यानंतर झाकण कधी उघडे राहिले नाही.

तीन महिन्यांनंतर मात्र सोमवारची सकाळ निर्धोक झाली. दोन दिवस वीज नसे, पंप तर कपाटातच ठेवला होता, तरीही सातही मासे जागेवर असत. पुढे जूनमधील एका वादळात तारा तुटून सलग तीन दिवस वीज गेली, तेव्हाही काही झाले नाही. पाण्याच्या मानाने मासे थोडे असले की पृष्ठभागातून आपोआप विरघळणारा प्राणवायू त्यांना पुरतो.

आता काम उरते किती?

पंधरा दिवसांतून एकदा पाण्याचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे दहा लिटर, काढावयाचा. बैठक कमरेएवढी उंच असण्याचे कारण येथे कळते : बादली खाली जमिनीवर ठेवली की नळीतून पाणी स्वतःच्या भाराने वाहते. नळी तोंडाने ओढू नये; ती पाण्याने पूर्ण भरून, दोन्ही टोके अंगठ्यांनी दाबून, एक टोक टाकीत व दुसरे बादलीत सोडावे. पुढच्या पट्टीवरचा गाळ याच वेळी निघतो. नवे पाणी आदल्या दिवशीच उघड्या बादलीत भरून ठेवावे, म्हणजे क्लोरिन उडून जातो. विहिरीचे पाणी असेल तर हा प्रश्न नाही. काढलेले पाणी मोरीत ओतू नये. त्यात नायट्रेट असते. आमच्या कार्यालयासमोरची जास्वंद त्यावर विलक्षण पोसली आहे. काच जुन्या सुती कापडाने पुसावी. साबण, सोडा, फिनेल यांचा हातालाही वास नसावा.

खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. सुटीसाठी आगाऊ खाद्य टाकणे ही सर्वात घातक माया होय. निरोगी प्रौढ मासे आठवडाभर काही न खाताही राहू शकतात.

शेवाळ दिसू लागले तर औषधे विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : दिवा जास्त वेळ राहतो काय, ऊन कोठून येते काय, आणि खाद्य कोण दोनदा टाकतो काय. आमच्याकडे तिसरेच कारण निघाले. सकाळी शिपाई आणि दुपारी एक हौशी कारकून असे दोघेही एकमेकांना न सांगता माशांना जेवू घालीत होते. त्यानंतर टाकीवर एक छोटी पाटी लावली असून तीवर रोज खूण करण्याची पद्धत आहे.

टाकीबाहेरची जबाबदारी

काच साफ ठेवील म्हणून विक्रेते काळसर, खवल्यांच्या चिलखताचा ‘सकर’ मासा देऊ करतात. तो घेऊ नये. दोन इंचांचा हा मासा पुढे फूटभराहून मोठा होतो, टाकीत मावेनासा होतो, आणि मग कोणीतरी दया येऊन त्याला तळ्यात सोडतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतील हा मासा अशाच वाटेने आपल्या देशातील अनेक जलाशयांत पसरला असून तेथील देशी माशांना व मच्छीमारांच्या जाळ्यांना उपद्रव देत आहे. वनस्पतींचेही तसेच. शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने आपल्या तळ्यांचे व नद्यांचे काय केले हे खेडोपाडी कोणालाही सांगावे लागणार नाही. तेव्हा टाकीतील मासा, गोगलगाय किंवा छाटलेले रोप विहिरीत, तळ्यात, पाटात अथवा ओहोळात कदापि सोडू नये. छाटलेली रोपे उन्हात पूर्ण वाळवून पालापाचोळ्याच्या खड्ड्यात टाकावीत.

शाळांसाठी थोडेसे. शाळेत टाकीची देखभाल बहुधा एकाच हौशी शिक्षकाकडे असते आणि त्यांची बदली झाली की टाकीचीही अखेर होते. म्हणून पाणी केव्हा बदलले, दिवा किती तास ठेवला, कोणते रोप केव्हा लावले याची एक वही टाकीजवळच असावी, आणि ती सातवी-आठवीच्या मुलांनी पाळीपाळीने लिहावी. नवीन येणाऱ्या शिक्षकांना त्या वहीवरून टाकीचा स्वभाव कळतो.

मोठ्या सुटीचा प्रश्न एका मुख्याध्यापिकाबाईंनी फार सोप्या रीतीने सोडवलेला लेखकाने पाहिला. सुटीपूर्वी त्यांनी चौथा हिस्सा पाणी बदलून घेतले, दिवा चार तासांवर आणला, आणि वर्तमानपत्राच्या कागदाच्या दहा छोट्या पुड्या बांधल्या. प्रत्येकीत चिमूटभर खाद्य. सोमवार आणि गुरुवार असे वार पुड्यांवर शाईने लिहिले होते. पुड्या पहारेकऱ्याच्या हाती दिल्या, टाकीतले आटलेले पाणी कुठल्या खुणेपर्यंत भरायचे ती रेघ काचेवर ओढून दाखवली, आणि खाद्याचा डबा कपाटात ठेवून किल्ली स्वतःबरोबर घरी नेली.